कागद कुठंय? घरून विक्री करणाऱ्यांचे प्रश्न

सोलापुरात घरी बसून बेंगळुरू-पुण्याच्या नव्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची संख्या आता इतकी आहे, की गेल्या अंकात त्यांच्यासाठी वेगळे प्रश्न मागवले. निम्मी पत्रं कमिशनची निघाली. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहतो. आमची कंपनी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर विकते. नोकरीला लागताना फोनवर ‘८ टक्के इन्सेंटिव्ह’ ठरलं. तीन महिन्यांत ११ डील केल्या, पैसे चारचेच मिळाले. विचारलं की कधी ‘कलेक्शनवर आहे’, कधी ‘क्वार्टर संपल्यावर’, कधी ‘पॉलिसी बदलतेय’. ऑफर लेटरमध्ये ‘कंपनीच्या धोरणानुसार’ एवढंच लिहिलंय.

उत्तर : धोरण कुठे लिहिलेलंच नसेल तर ते रोज बदलणारच. त्यात लबाडी असेलच असं नाही. झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत फाउंडर, सेल्स हेड आणि अकाउंट्स या तिघांच्या डोक्यात ‘८ टक्के’चे तीन अर्थ असतात, आणि तिघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

आकड्यांत बघा. वार्षिक प्लॅनची यादीतली किंमत २४,००० धरा. तुम्ही २० टक्के सवलत दिलीत, म्हणजे १९,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,४५६. ग्राहकाच्या खात्यातून गेले २२,६५६. आता ८ टक्के कशावर? यादीच्या किमतीवर १,९२०, सवलतीनंतर १,५३६, ग्राहकाने भरलेल्या पूर्ण रकमेवर १,८१२. एकाच डीलचे तीन हिशेब झाले. यातला जीएसटीसकटचा हिशेब तुम्ही मागूच नका. तो पैसा सरकारचा, कंपनीच्या हातात राहत नाही, आणि अकाउंट्सवाला पहिल्याच ओळीत तुम्हाला अडाणी ठरवेल. ग्राहकाने तिमाही हप्ते मागितले असतील तर दर हप्ता ४,८०० अधिक कर, आणि कलेक्शनवर, म्हणजे आलेल्या पैशांवर, कमिशन असेल तर तुम्हाला तिमाहीला ३८४. मग तुम्ही सहाव्या महिन्यात नोकरी सोडलीत तर उरलेल्या दोन हप्त्यांचं काय? हे आज विचारलं तर चर्चा होते, तेव्हा विचारलं तर भांडण.

आधी ११ डीलचा तक्ता करा : ग्राहक, सहीची तारीख, यादीची किंमत, सवलत किती आणि कुणी मंजूर केली, बिल नंबर, पैसे कधी आले, किती आले, तुमच्या हिशेबाने कमिशन, मिळालेलं, बाकी. पैसे आल्याच्या तारखा अकाउंट्सकडूनच मागून घ्या. त्या तुम्ही अंदाजाने भरल्यात तर सगळा तक्ता संशयात जातो.

मग एक फोन, आणि फोन ठेवल्यावर त्याच दिवशी मेल. मेल कंपनीच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत लिहा. आशय असा :

‘आज फोनवर बोललो त्यावरून मला समजलं ते असं. दर ८ टक्के. आकारणी सवलतीनंतरच्या, जीएसटी वगळलेल्या रकमेवर. ग्राहकाचा पैसा ज्या महिन्यात आला त्याच्या पुढच्या पगारात कमिशन. हप्ते असतील तर प्रत्येक हप्त्यावर. ग्राहकाने ९० दिवसांत पैसे परत घेतले तर तेवढंच कमिशन वळतं होईल. मी नोकरी सोडली तरी त्याआधी सही झालेल्या डीलचे पुढचे हप्ते धरले जातील. सोबत ११ डीलचा तक्ता. यात काही चुकत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावं. याच आधारे या महिन्याचा हिशेब पाठवतो.’

शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर आलं नाही तरी पुढचा हिशेब त्याच मेलच्या खाली जोडत जा. तीन महिन्यांनी नवा सेल्स हेड येतो (अशा कंपन्यांत येतोच), त्याच्याकडे दाखवायला ही एकच साखळी असते. व्हॉट्सअॅपवरच्या अंगठ्यावर विसंबू नका. ग्रुपमधून काढलं, मेसेज आपोआप पुसले जाणारी सेटिंग लावली की पुरावा संपला. कंपनीचा मेल आयडीही शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतो. म्हणून फक्त स्वतःच्या पगार-कमिशनच्या मेलवर स्वतःचा खासगी आयडी प्रत म्हणून ठेवा. ग्राहकांची यादी, किमतीचे तक्ते असं काही खासगी मेलवर पाठवू नका. बाजू तुमची असूनही तुम्हीच अडकाल.

लेखी कशाला हवं त्याचं आणखी एक कारण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि तिच्यातल्या ‘वेतना’च्या व्याख्येतून कमिशन वगळलेलं आहे. पगार रखडला तर कायदा थेट तुमच्या बाजूने उभा राहतो. कमिशनसाठी ‘ठरलं काय होतं’ हे आधी तुम्हाला दाखवावं लागतं. नवी पेठेतला घाऊक व्यापारी चिठ्ठीशिवाय टॉवेलचा गठ्ठा हलू देत नाही. तुमचा गठ्ठा तर महिन्याच्या पगाराएवढा आहे.

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात फोन केला तर मालक म्हणाले, ‘ताई, तुमच्या कंपनीचा सकाळपासून हा तिसरा फोन.’ आमच्याकडे काही लीड (संभाव्य ग्राहक) शीटमध्ये, काही सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर), बाकीच्या व्हॉट्सअॅपवर. डील झाली की दोघं-तिघं हक्क सांगतात. मी तर साधी एक्झिक्युटिव्ह आहे. माझ्या हातात काय आहे?

उत्तर : शीट हातात आहे ना, पुष्कळ झालं. नवं सीआरएम घ्या असं सुचवायला जाऊ नका. अशा कंपनीत वर्षात दोन सीआरएम बदलतात, आणि जुन्यातला निम्मा डेटा नव्यात येतच नाही.

दुबार नोंद होते कारण सगळे नावावरून शोधतात. सोलापुरात नावावरून शोधणं म्हणजे गड्डा यात्रेच्या गर्दीत ‘ओ काका’ म्हणून हाक मारणं. सिद्धेश्वर, मल्लिकार्जुन, मार्कंडेय ही नावं किती फर्मना आहेत आणि प्रत्येकाचं इंग्रजी स्पेलिंग किती तऱ्हेचं, हे तुम्ही रोज बघता. त्यापेक्षा दोन खुणा धरा. एक, मोबाइलचे शेवटचे १० आकडे. कुणी पुढे ९१ लावतो, कुणी शून्य, कुणी मध्ये जागा सोडतो; आधी जागा आणि चिन्हं काढून टाका, मग ‘राइट’ (RIGHT) फॉर्म्युल्याने शेवटचे दहा वेगळ्या रकान्यात घ्या आणि तो नंबर किती वेळा आलाय ते मोजणारा ‘काउंटइफ’ (COUNTIF) लावा. उत्तर एकच्या वर गेलं की ती ओळ लाल.

दुसरी खूण जीएसटी क्रमांक. तो १५ अक्षरांचा असतो : पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७, नंतरची दहा अक्षरं म्हणजे त्या फर्मचा पॅन. शीटमध्ये ही मधली दहाच घ्या. एखाद्याचं दुकान सोलापूरला आणि गोदाम हैदराबादला असलं तर तिकडचा क्रमांक ३६ ने सुरू होईल, पण पॅन तोच, म्हणजे ग्राहक तोच. क्रमांक ग्राहकाला विचारायचीही गरज नाही. जुन्या बिलावर असतो, आणि जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणीचं खरं नाव आणि पत्ता निघतो.

मात्र इथे एक खड्डा आहे. घर एक, धंदा एक आणि फर्म तीन : एक थोरल्याची, एक धाकट्याची, एक वहिनींच्या नावाची. तिन्हीचे पॅन वेगळे, त्यामुळे शीटला ते तीन ग्राहक दिसतात. खरेदीचा शब्द मात्र एकाचाच चालतो. म्हणून ‘निर्णय कोण घेतं’ असा रकाना ठेवा आणि त्यात हुद्दा नव्हे, नाव लिहा. तुमचे ते मालक ‘तिसरा फोन’ म्हणाले ते बहुधा यामुळेच.

बाकी रकाने लीड कुठून आली, कुणाची, शेवटचं बोलणं कधी, पुढे काय करायचं, कोणत्या तारखेला. एवढे पुरेत. वीस रकाने केलेत तर कुणी भरणार नाही. ‘कुणाची’ हा रकाना संरक्षित करून त्याची चावी सेल्स हेडकडे द्या, आणि कुणी काय बदललं ते शीटच्या आवृत्ती-इतिहासात बघायला शिका. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

हक्काचा नियम तुम्हीच दोन ओळींत लिहून सगळ्यांना पाठवा : पुढची तारीख न टाकता १४ दिवस पडून राहिलेली लीड मोकळी, आणि डील झाली तेव्हा शीटमध्ये ज्याच्या नावावर लीड होती त्याची. साधी एक्झिक्युटिव्ह असल्याचा इथे फायदाच आहे. असले नियम वरून आले की लोक कुरकुरतात. सोबतच्या माणसाने लिहून पाठवले की ‘बरं झालं कुणीतरी केलं’ म्हणून वापरायला लागतात.

प्रश्न : महिन्याला १० विक्रीचं टार्गेट आहे. तीन महिन्यांची माझी नोंद : आठवड्याला सरासरी १२० फोन, ९ डेमो ठरतात, ५ होतात, १ विक्री. सेल्स हेड म्हणतात ‘फोन वाढव’. (विजापूर रोड)

उत्तर : नोंद ठेवलीत, त्यामुळे उत्तर सोपं झालं. आत्ताच्या चालीने महिन्याला चार विक्री होतात. दहा हव्यात तर महिन्याला ५० डेमो व्हायला पाहिजेत, आठवड्याला साधारण १२. आत्ताची गळती धरली तर १२ होण्यासाठी २१ ठरवावे लागतील, आणि २१ ठरवायला आठवड्याला २८० फोन. सहा दिवसांत वाटले तर दिवसाला ४७ फोन, वर रोज दोन डेमो. फोन होतीलही, पण फॉलो-अप मरेल आणि पाचाला एक हे प्रमाण सहा-सातावर जाईल. हीच चार वाक्यं सेल्स हेडना पाठवा.

आता गळती कुठे आहे ते बघा. नऊ ठरलेल्यांत चार होतच नाहीत. तिथे हात घाला. डेमो चार दिवस पुढचा देऊ नका. उद्याचा द्या, फार तर परवाचा. लिंक मेलवर नको, व्हॉट्सअॅपवर. त्याच दिवशी सकाळी एक मेसेज : ‘आज चारला. तुमचं कालचं एक बिल हाताशी ठेवा, त्यावरच करून दाखवतो.’ बिल शोधून ठेवणारा माणूस सहसा डेमोला येतो. आणि मालकाबरोबर अकाउंटंटलाही बोलवा. तो नसला तर मालक शेवटी ‘अकाउंटंटला विचारून सांगतो’ म्हणतात आणि तो डेमो फुकट जातो. नवातले आठ झाले तर याच प्रमाणात महिन्याला सात विक्री. दहाचं टार्गेट तरीही बसत नाही. उरलेल्या तीनसाठी कंपनीने लीड द्यायला हव्यात, आणि ते म्हणायला आता तुमच्याकडे हिशेब आहे.

तारखाही बघा. दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरण आणि २० ला कर भरण्याचं. त्याआधीचे दोन-तीन दिवस अकाउंटंटला फोन करणं म्हणजे शिव्या खाणं. शाळेच्या युनिफॉर्मचे कारखाने मार्चपासून जूनपर्यंत मान वर करत नाहीत. त्यांना जुलै-ऑगस्टमध्ये गाठा. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस असतात. जानेवारीचं टार्गेट वाटताना हे बेंगळुरूला कुणी सांगितलेलं नसतं, तेव्हा डिसेंबरातच सांगा.

प्रश्न : माझ्या स्वतःच्या सिमवरून कोल्ड कॉल, म्हणजे अनोळखी लोकांना विक्रीचे फोन, करते. आता ग्राहकांना माझा नंबर ‘स्पॅम’ दिसतो. कंपनी म्हणते दुसरं सिम घे.

उत्तर : घेऊ नका. साध्या दहा आकडी नंबरवरून नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणं ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांत बसतच नाही. प्रचाराच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी मालिका आहे. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. आधी दहा लागत. पहिल्या वेळी १५ दिवस बाहेर फोन करणं बंद, पुन्हा झालं तर वर्षभरासाठी जोडणी तोडतात. आणि कारवाई नंबरवर थांबत नाही. ज्याच्या नावावर तो आहे त्याच्या बाकीच्या जोडण्यांवरही येते. आधार-बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तोही तुमच्याच नावावर आहे, हे ध्यानात घ्या. ‘दुसरं सिम’ म्हणजे तेच संकट दुसऱ्यांदा.

कंपनीला दोन गोष्टी मागा : कंपनीच्या नावावरची जोडणी, आणि टेलिकॉम कंपनीकडे व्यावसायिक म्हणून नोंदणी. ते होईपर्यंत ज्याने स्वतः विचारणा केली त्यालाच फोन करा आणि त्या विचारणेचा फॉर्म किंवा मेसेज तारखेसह जपून ठेवा. अनोळखी कारखानदाराकडे सोलापुरात फोनपेक्षा त्याच्या सीएचा शब्द लवकर पोचतो. दहा सीएंशी ओळख वाढवलीत तर शंभर कोल्ड कॉलची गरज उरत नाही. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी यावर उपाय नव्हे : तुमचा नंबर ज्याच्याकडे सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज पोचतो.

प्रश्न : एका टॉवेल कारखानदाराला सॉफ्टवेअर विकलं. त्यांना जॉबवर्कचं चलन (बाहेर काम करून घ्यायला पाठवलेल्या मालासोबतचा कागद) हवं होतं. फाउंडर डेमोत म्हणाले, ‘नेक्स्ट मंथ येतंय.’ चार महिने झाले. आता ते दुसरा हप्ता देत नाहीत आणि रोज फोन मला करतात, फाउंडरना नाही. (एमआयडीसी परिसर)

उत्तर : फाउंडरने स्वप्न दाखवायचं आणि विक्रेत्याने फोन घ्यायचे, ही वाटणी सगळीकडे आहे. पण आधी ग्राहकाची अडचण नीट समजून घ्या, म्हणजे कंपनीला ती समजावता येईल.

टॉवेलच्या कारखान्यात सूत बाहेर रंगवायला जातं, सायझिंगला (खळ द्यायला) जातं, परत येतं. माल विकलेला नसतो, म्हणून बिल करता येत नाही; चलनावर पाठवतात. तो वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. या जा-ये करणाऱ्या मालाचं आयटीसी-०४ नावाचं विवरण भरावं लागतं. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहामाही, खाली असेल तर वर्षातून एकदा. आता ५०० किलो सूत गेलं आणि रंगून ४९२ आलं, तर आठ किलो घट कुठे मांडायची? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चलन नसेल तर अकाउंटंट ते वहीत मांडतो, स्टॉक सॉफ्टवेअरमध्ये एक आणि वहीत दुसराच दिसतो, आणि महिन्याभरात तो सॉफ्टवेअर उघडायचं बंद करतो. हप्ता थांबतो तो इथे. वर टॉवेल वजनावरही मोजतात आणि डझनावरही. दोन मापं एकाच मालाला लावता येत नसतील तर चलन येऊनही भागणार नाही. हेही आत्ताच तपासा.

आज करायचं ते असं. प्रॉडक्ट टीमला वरची परिस्थिती किलोच्या आकड्यांसकट लिहून पाठवा आणि तारीख मागा. ‘लवकरच’ हे उत्तर आलं तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा धरा. मग मालकांना भेटायला जा. फोन नको, तुम्ही गावातच आहात आणि हाच तुमचा फायदा आहे. सांगा : चलन आज नाही, अमुक तारखेला येणार किंवा येणार नाही. येणार असेल तर तोवर चलनाची एक्सेल तयार करून द्या : चलन क्रमांक, तारीख, कुणाकडे, किती किलो गेलं, किती आलं, घट, उरलेलं. येणार नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देण्याची मंजुरी कंपनीकडून आधीच खिशात घेऊन जा. पैसे परत घेतलेला कारखानदार पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याकडे येऊ शकतो. फसवला गेलेला चार जणांना सांगतो, आणि सोलापूर त्या मानाने लहान गाव आहे.

पुढच्या डेमोपासून एक कागद समोर ठेवा, तीन रकान्यांचा : आज आहे, चाचणीत आहे, यादीत आहे. ग्राहकाने विचारलेली प्रत्येक गोष्ट त्याच्यासमोर एका रकान्यात टाका. फाउंडर डेमोत असतील तर त्यांच्याही समोर. ‘यादीत आहे’मधलं काही ऑर्डर फॉर्मवर जाणार नाही, आणि फॉर्मवर एक ओळ : ‘आज उपलब्ध असलेल्या सुविधांवर ही खरेदी आहे.’ त्या ओळीमुळे एखादी डील जाईल. ती जायलाच हवी होती.

आणि डेमोचा नमुना डेटा बदला. ‘एबीसी ट्रेडर्स, प्रॉडक्ट वन’ बघून सोलापूरच्या मालकांना काही वाटत नाही. चादर नगावर, टॉवेल डझनावर आणि किलोवर, सूत पोत्यावर असा स्टॉक स्वतः एकदा भरून ठेवा. दोन तास लागतात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि १२ टक्क्यांचा टप्पा गेला. त्या तारखेच्या आधीचं एक बिल आणि नंतरचं एक बिल, दोन्हींवर बरोबर दर लागतो हे दाखवलंत की अकाउंटंट खुर्ची पुढे ओढतो.

प्रश्न : डेमो चालू असताना वीज जाते, नेट जातं. इन्व्हर्टर घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत.

उत्तर : लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, मोबाइललाही. मरतो तो राउटर आणि फायबरची ती छोटी डबी. दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात, मिळून १०-१५ वॉट खातात. त्यांच्यासाठी राउटरचा मिनी यूपीएस मिळतो. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका : ८,००० एमएएच ३.७ व्होल्टला म्हणजे जेमतेम ३० वॉट-तास. १२ वॉटच्या भारावर हिशेबाने अडीच तास, प्रत्यक्षात दोन. डेमोला पुष्कळ झाले. विकत घेण्याआधी दोन्ही यंत्रांच्या चार्जरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, आणि यूपीएसला दोन तोंडं आहेत ना ते बघा. गल्लीतल्या फायबरवाल्याच्या स्विचचीच वीज गेली तर याचाही उपयोग नाही. म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट लॅपटॉपमध्ये आधीच जोडून ठेवा, आणि ते सिम फायबरवाल्या कंपनीचं नको.

शेजारी माग चालत असतील तर लॅपटॉपचा माइक ती खटखट जशीच्या तशी पाठवतो. तोंडाशी दांडी येणारा वायरचा हेडसेट घ्या, ब्लूटूथ नको. आणि घरी पाणी येण्याच्या दिवशी त्या तासाला डेमो ठेवू नका. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार असेल तर घरातली कोणतीही मीटिंग त्यापुढे टिकत नाही, हे कॅलेंडरमध्येच टाकलेलं बरं.

प्रश्न : नोकरी म्हणून घेतलं, पण पत्रावर ‘कन्सल्टंट’ आहे. पीएफ नाही. फरक पडतो का?

उत्तर : पडतो. पगारावरचा कर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कापतात. सल्लागाराच्या फीवर सरसकट १० टक्के, आणि कमिशन म्हणून दाखवलं तर २ टक्के. कंपनीने काय दाखवलंय ते आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतं. आधी तेच बघा. सल्लागार असाल तर पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि वेळेवर पगार देण्याचा जो कायदा आहे त्याचं संरक्षण मागताना आधी ‘मी खरं तर कर्मचारीच आहे’ हे सिद्ध करावं लागेल. ठरलेली वेळ, रोजचं रिपोर्टिंग, रजेला परवानगी, दुसरीकडे काम करायला बंदी, हे सगळं असेल तर पत्र बदलून मागा.

खरोखर सल्लागारच राहायचं असेल तर उद्यमची (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी करा. पॅन-आधारवर होते, फुकट आहे; पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. मग दर महिन्याला बिल द्या. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.

प्रश्न : पगार या महिन्यात १९ तारखेला झाला, गेल्या महिन्यात १४ ला. बार्शीहून काम करते. सोडावं का? सोडताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : सोडायचं की नाही ते तुमची दुसरी नोकरी ठरवेल. पण पगार आठवड्या-आठवड्याने सरकायला लागला आणि कंपनी तरीही नवी भरती करत असेल, तर नवी नोकरी आजपासून शोधा. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असा नियम आहे. राजीनामा दिल्यावर किंवा काढल्यावर देय वेतन कामाच्या दोन दिवसांत. ‘फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) ४५ दिवसांनी’ हे जुन्या सवयीचं वाक्य आहे. त्याला उत्तर म्हणून वेतन संहितेचा उल्लेख असलेली एक शांत मेल पुरते, निदान सुरुवातीला.

राजीनाम्याआधी कमिशनचा तक्ता पाठवून झालेला असू द्या. चालू लीड शीटमध्ये पुढच्या तारखेसकट लिहून सोपवा, आणि सोपवल्याची मेल करा. ग्राहकांची यादी बरोबर नेऊ नका. ज्यांच्याशी ओळख झाली त्यांचे नंबर तुमच्या डोक्यात आहेतच.

लॅपटॉप कुरिअरने परत जाणार असेल तर खालचा सीरियल नंबर, चालू पडदा आणि चारही कडा यांचे फोटो काढा. पॅकिंग करतानाचा एक अखंड व्हिडिओ. कुरिअरच्या पावतीवर वस्तूची किंमत. लॅपटॉप, चार्जर आणि हेडसेट पावतीत वेगवेगळे लिहून घ्या, कारण शेवटच्या हिशेबातून पैसे कापले जातात ते चार्जरचे आणि हेडसेटचे.